लाकडाला तेलाचा हात: घासण्यापासून शेवटच्या पुसणीपर्यंत

तेल दिलेलं लाकूड बिघडतं ते सहसा तेल कमी पडल्यामुळे नाही, जास्त राहिल्यामुळे. टेबलाचा पृष्ठभाग चिकट राहतो, फळीवर बोटांचे ठसे उमटतात, खुर्चीच्या हातावर धूळ बसते ती निघतच नाही. या सगळ्याचं मूळ बहुतेकदा एकच असतं: वर राहिलेलं तेल वेळेवर पुसलं गेलेलं नसतं. वॉर्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन) लाकडावर थर धरून बसतं. तेलाची जागा लाकडाच्या आत आहे. ते तंतूंमध्ये मुरतं आणि तिथेच घट्ट होतं. वर उरलेल्या तेलाला काही काम नसतं.

यातून तेलाचे गुण कळतात, तशा मर्यादाही. हाताला लाकूडच लागतं, प्लास्टिकसारखा थर लागत नाही. ओरखडा पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा तेल देता येतं, सगळं फर्निचर खरवडावं लागत नाही. पण पाणी, गरम भांडं आणि दारू यांपासून मिळणारं संरक्षण बेताचं असतं. रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या ओट्याला नुसतं जवसाचं तेल देणं म्हणजे दर काही महिन्यांनी स्वतःसाठी काम काढून ठेवणं.

कोणतं तेल घ्यावं

पहिला प्रश्न एवढाच: हे तेल वाळतं का? इथे वाळणं म्हणजे उडून जाणं नव्हे. जवसाच्या तेलात अर्ध्याहून अधिक भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो. त्यातले दुहेरी बंध हवेतला प्राणवायू घेतात आणि तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून घन जाळं तयार होतं. म्हणूनच शुद्ध जवसाच्या तेलाचं वजन वाळताना घटत नाही, उलट थोडं वाढतं. खोबरेल, शेंगदाणा आणि ऑलिव्ह तेलांमध्ये हे घडत नाही. ती वर्षभर ओशट राहतात, धूळ धरतात आणि खवट होतात. स्वयंपाकघरातली बाटली हाताशी आहे म्हणून ती लाकडावर ओतू नये.

वाळणाऱ्या तेलांतही बराच फरक आहे.

कच्चं जवस तेल शुद्ध असतं, पण फार संथ. एक पातळ हात वाळायला काही दिवसांपासून काही आठवडे जातात. बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारं जवस तेल बहुधा उकळलेलं नसतं. त्यात कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंचे, वाळण्याला वेग देणारे क्षार मिसळलेले असतात आणि त्यामुळे ते साधारण एका दिवसात वाळतं. तेच क्षार असल्यामुळे अन्नाला थेट लागणाऱ्या वस्तूंसाठी ते टाळलेलं बरं. जवसाचं तेल काळानुसार पिवळसर, गडद होतं, अंधाऱ्या जागी तर जास्तच. पांढऱ्या लाकडाचा रंग तसाच टिकवायचा असेल तर ते वापरू नये.

टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं तेल) पाण्याला जास्त दाद देत नाही आणि कमी पिवळं पडतं. मात्र दोन हातांमध्ये २ ते ३ दिवस तरी द्यावे लागतात. जाड राहिलं तर त्यावर सुरकुत्या पडतात किंवा ते पांढुरकं, निस्तेज दिसतं. डबा घेताना घटक वाचा. ‘टंग ऑइल फिनिश’ नावाच्या कित्येक डब्यांत वॉर्निश आणि थिनर जास्त असतं, टंग तेल नावापुरतं.

डॅनिश ऑइल म्हणजे तेल, वॉर्निश आणि थिनर यांचं मिश्रण. ‘टीक ऑइल’ची गोष्टही तीच, ते सागवानातून काढलेलं नसतं. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने डॅनिश ऑइल घ्यावं: ते ६ ते २४ तासांत वाळतं, थोडं कडक होतं आणि चुका पोटात घालतं. हार्डवॅक्स ऑइलमध्ये तेलाबरोबर कार्नोबासारखं कडक मेण असतं. टेबल आणि जमिनीसाठी ते सर्वांत टिकाऊ, पण लावायची रीत वेगळी आहे. ती पुढे येईलच.

चिरायच्या फळीसाठी अन्नाला चालणारं मिनरल ऑइल वापरतात. ते कधीच वाळत नाही, म्हणून वरचेवर द्यावं लागतं, पण धोका काही नाही. अक्रोडाचं तेल वाळतं. घरात कुणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर ते सोडून द्या.

बाटली उघडण्याआधी: चिंध्यांचं काय करणार?

हा भाग शेवटी तळटीप म्हणून येतो आणि म्हणून राहून जातो. वाळताना तेल प्राणवायू घेतं, तेव्हा उष्णता निर्माण होते. सपाट फळीवर ती हवेत निघून जाते. तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली की आतली उष्णता बाहेर पडू शकत नाही, तापमान वाढत जातं आणि काडी न लावता काही तासांत चिंधी पेटू शकते. जवसाच्या तेलाबाबत हा धोका सर्वांत मोठा, पण डॅनिश, टंग आणि हार्डवॅक्सलाही तो आहेच. कागदी रुमाल आणि तेलात घासल्यावर निघणारा लगदाही यात धरा.

म्हणून काम सुरू करण्याआधीच झाकणाचा पत्र्याचा डबा पाण्याने अर्धा भरून शेजारी ठेवा आणि वापरलेली प्रत्येक चिंधी त्यात बुडवा. नाहीतर बाहेर मोकळ्या हवेत, सिमेंटवर किंवा तारेवर, एकेक चिंधी पूर्ण उलगडून वाळत घाला. ती पुठ्ठ्यासारखी कडक झाली की टाकायला हरकत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत, कचऱ्याच्या डब्यात किंवा कपड्यांच्या ढिगात ओली चिंधी कधीही जाऊ देऊ नका.

लाकडाची तयारी

तेल काहीही झाकत नाही. करवतीच्या खुणा, रंध्याचे ओरखडे, गोंदाचे डाग हे सगळं तेल लागल्यावर दुप्पट उठून दिसतं. एकूण वेळेतला निम्मा वेळ इथे गेला तरी तो वाया जात नाही.

जुनं फर्निचर असेल तर आधी पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर वर जुनं वॉर्निश किंवा मेण आहे. त्यावर दिलेलं तेल मुरणार नाही, नुसतं चिकट होईल. ते सगळं काढून उघड्या लाकडापर्यंत जावं लागेल. थेंब मिनिटभरात पसरून आत गेला तर पुढे जायला हरकत नाही. नवं लाकूड वाळलेलं हवं. घरातल्या फर्निचरसाठी ८ ते १२ टक्के ओलावा ठीक.

घासकागदाचा क्रम (आकडा जितका मोठा तितका कागद बारीक): रंधा नीट मारलेला असेल तर १२० पासून सुरुवात करा, खुणा खोल असतील तर ८० पासून. मग १५०, १८०, २२०. एखादा टप्पा गाळला तर पुढचा कागद मागचे ओरखडे काढत बसतो आणि ते पूर्ण कधीच जात नाहीत. प्रत्येक टप्प्यावर फळीभर पेन्सिलने हलक्या नागमोडी रेघा ओढा. रेघा पूर्ण पुसल्या गेल्या की सगळीकडे सारखं घासलं गेलं. हाताने घासताना लाकडाच्या रेषेतच घासा, आडवं नाही.

२२० च्या पुढे जायचा मोह होतो. हार्डवॅक्स ऑइलसाठी तर बहुतेक वेळा १५० ते १८० वरच थांबायला सांगितलेलं असतं, कारण फार गुळगुळीत झालेलं लाकूड तेल कमी घेतं. एक अपवाद मात्र आहे. फळीच्या कापलेल्या टोकाला लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि तिथे तेल भसाभस शोषलं जाऊन टोक काळपट दिसतं. ती बाजू एक टप्पा जास्त घासा. बाकीची फळी २२० वर असेल तर टोक ३२० वर.

मग लाकडाला एकदा पाणी लागू द्या. पिळलेल्या ओल्या फडक्याने सगळं पुसा आणि २ ते ३ तास वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहतील आणि हाताला खरखर लागेल. २२० च्या कागदाने अगदी हलक्या हाताने, दोन-तीन फेऱ्यांतच ती काढा. टेबल किंवा खुर्चीसाठी ही पायरी टाळू नका. नाहीतर पहिल्यांदा पाणी सांडेल तेव्हा तेल दिलेल्या लाकडावर हीच खरखर उठेल.

शेवटी धूळ. आधी ब्रश किंवा व्हॅक्यूम, मग मिनरल टर्पेंटाइनमध्ये ओलं केलेलं फडकं. याचा दुहेरी फायदा होतो. ओलं असेपर्यंत लाकूड तेल दिल्यावर जसं दिसेल तसंच दिसतं, त्यामुळे राहिलेले ओरखडे लगेच कळतात. सांध्याजवळ फिकट डाग दिसला तर तो वाळलेल्या गोंदाचा. तिथे तेल जाणार नाही, म्हणून तो आत्ताच खरवडून काढा.

सागवान आणि शिसमासाठी आणखी एक काम. या लाकडांतली नैसर्गिक तेलं आणि रसायनं वरच्या तेलाला वाळू देत नाहीत. शिसमाच्या जातीतल्या काही लाकडांवर जवसाचं तेल आठवडे उलटले तरी ओलंच राहतं. ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पृष्ठभाग पुसा, फडक्यावर रंग येणं कमी झालं की थांबा आणि ॲसिटोन उडून जाताच, त्याच दिवशी, पहिला हात द्या. उशीर केला तर आतलं तेल पुन्हा वर येतं. ॲसिटोन आणि टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या आणि आगीचं काहीही जवळ नको.

तेल किती लागेल

डॅनिश ऑइलसारख्या तेलाचा पहिला हात १ लिटरमध्ये साधारण १० ते १२ चौरस मीटर होतो. पुढच्या हातांना याच्या निम्म्याहून कमी तेल पुरतं. १२० बाय ७५ सेंटिमीटरचं टेबल म्हणजे ०.९ चौरस मीटर: पहिल्या हाताला सुमारे ८० ते ९० मिली, पुढच्या दोन हातांना प्रत्येकी ३० ते ४० मिली. वरच्या बाजूसाठी एकूण १७० मिली धरा. खालची बाजू आणि पाय धरून अर्ध्या लिटरचा डबा पुरून उरतो. फळीच्या दोन्ही बाजूंना तेल द्याच. एकाच बाजूला दिलं तर दोन्ही बाजू ओलावा कमी-जास्त वेगाने घेतात आणि रुंद फळी वाकायला कारण मिळतं.

पहिला हात

खोलीत १८ ते ३० अंश तापमान, हवा खेळती आणि हवेत दमटपणा कमी असावा. थंड किंवा दमट दिवसांत वाळण्याचे सगळे आकडे दुप्पट धरा. कडक उन्हात तापलेल्या लाकडावर तेल देऊ नका. छिद्रांतली हवा फुगून तेल बाहेर ढकलते.

खालची बाजू आधी, वरची नंतर. डब्यातलं तेल नीट ढवळून थोडं वाटीत काढून घ्या, डब्यात चिंधी बुडवू नका. जवस किंवा टंग तेल घट्ट असेल तर फक्त पहिल्या हातासाठी समान मापात मिनरल टर्पेंटाइन मिसळा. डॅनिश ऑइलमध्ये थिनर आधीच आहे, त्यात काही घालायचं नाही.

१. धागे न सुटणाऱ्या सुती फडक्याने किंवा ब्रशने तेल सढळ हाताने पसरा. लाकूड ओलं, चकचकीत दिसायला हवं.

२. १५ ते २० मिनिटं त्यावर लक्ष ठेवा. काही जागा निस्तेज होतील, म्हणजे तिथलं तेल आत गेलं. फक्त तिथे आणखी तेल द्या. कापलेली टोकं तीन-चार वेळा मागतील.

३. निस्तेज होणं थांबलं, किंवा तेल घट्ट होऊन फडकं ओढ घेऊ लागलं, की लगेच पुसा. जे आधी होईल ते.

४. कोरडं, स्वच्छ फडकं घेऊन दाबून पुसा. ते ओलं झालं की दुसरं घ्या. मध्यम टेबलाला तीन-चार फडकी लागतात. ओल्या फडक्याने पुसलं तर तेल नुसतं इकडचं तिकडे जातं.

५. हाताची मागची बाजू फिरवून पाहा. कोरडं वाटलं पाहिजे. कोपरे, नक्षी, सांधे आणि कडेखालची खाच यांत तेल लपून बसतं. टोकदार काडीला फडकं गुंडाळून ते काढा.

यावर काम संपल्यासारखं वाटतं, पण ओक, ॲश, सागवान अशा मोठ्या छिद्रांच्या लाकडांत पुढचे दोन तास छिद्रांतून बारीक थेंब वर येत राहतात. दर अर्ध्या तासाने एकदा कोरडं फडकं फिरवा. रात्रभर तसेच राहिले तर सकाळी चमकदार, खडबडीत ठिपके दिसतील.

हार्डवॅक्स ऑइल मात्र असं ओतायचं नसतं. चौरस मीटरला फक्त ३० ते ४० मिली पुरतं. छोटा तुकडा घ्या, पॅडने घासून जिरवा, १० ते १५ मिनिटांनी उरलेलं पुसा, मग पुढचा तुकडा. सगळं टेबल एकदम माखलं तर शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवातीचा भाग ओढ घेऊ लागतो.

पुढचे हात

एक दिवस थांबा, मग ३२० च्या कागदाने एक कोपरा हलका घासून पाहा. कोरडी पांढरी पूड निघाली तर तेल वाळलं आहे. कागदावर चिकट गोळ्या जमल्या तर अजून एक दिवस. घड्याळापेक्षा ही खूण जास्त खरी.

वाळलं असेल तर सगळीकडे ३२० हलका फिरवा, पूड पुसा आणि दुसरा हात द्या: या वेळी अगदी थोडं तेल, ५ ते १० मिनिटं आणि पूर्ण पुसणी. तिसरा हातही तसाच. शोभेच्या पेटीला दोन पुरतात, टेबलाला तीन ते पाच. नवा हात दिल्यावर रंग किंवा झळाळी बदलत नसेल तर लाकडाचं पोट भरलं आहे. तिथून पुढचं तेल वरच साचतं.

छिद्रं भरून अधिक गुळगुळीत पृष्ठभाग हवा असेल तर दुसऱ्या हाताला कोरडं घासणं सोडून तेल ओलं असतानाच ४०० च्या वॉटरप्रूफ कागदाने रेषेत घासा. लाकडाची पूड आणि तेल यांचा लगदा छिद्रांत भरतो. १० मिनिटांनी तो आडव्या दिशेने पुसा म्हणजे छिद्रांतला बाहेर ओढला जात नाही, आणि शेवटची फेरी रेषेत मारा. मेहनत आहे, पण हाताला जाणवणारा फरक यातूनच येतो.

ओकसारख्या टॅनिन (लाकडातला तुरट घटक) असलेल्या लाकडावर स्टील वूल फिरवू नका. त्याचे तुटलेले कण छिद्रांत अडकतात, ओलावा लागताच गंजतात आणि टॅनिनशी मिळून काळे डाग पाडतात. नायलॉनचं घासणी पॅड वापरा.

ड्रॉवर आणि कपाटांच्या आत तेल देऊ नये. बंद जागेत ते सावकाश वाळतं आणि वास महिनोन्महिने कपड्यांना लागतो. तिथे लाख पॉलिश बरं.

बिघडलं तर

चिकटपणा हा सर्वांत नेहमीचा बिघाड. एक-दोन दिवसांचा असेल तर मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या नायलॉन पॅडने घासा, सुटलेलं पुसून टाका, दोन दिवस थांबा. जुना, रबरासारखा झालेला चिकटा टर्पेंटाइनला दाद देत नाही. तो स्क्रेपरने काढून १८० पासून पुन्हा घासावं लागतं. चिकट थरावर आणखी तेल देणं हा उपाय नव्हे.

चमकदार ठिपके वर आले असतील तर त्याच तेलाचे थोडे थेंब टाकून नायलॉन पॅडने घासा आणि पुसा. पाइनसारख्या मऊ लाकडावर ढगाळ डाग दिसतात ते लाकूड तेल कमी-जास्त शोषतं म्हणून. नंतर ते दुरुस्त होत नाहीत. एका टाकाऊ तुकड्यावर आधी करून पाहणं हाच इलाज, आणि तो तुकडाही त्याच क्रमाने २२० पर्यंत घासलेला हवा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही.

वापर आणि डागडुजी

डॅनिश आणि हार्डवॅक्स ऑइलला पूर्ण कडक व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, जवस आणि टंग तेलाला महिनाभर. तोवर टेबलावर कापड घालून ठेवू नका आणि ओलं भांडं ठेवू नका. नाक लावल्यावर तेलाचा वास येत असेल तर ते अजून वाळतं आहे.

वर्षातून एकदा पाण्याचा थेंब टाकून पाहा. पाच मिनिटांत तो गडद डाग पाडून आत जात असेल तर लाकूड साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, एक दिवस वाळू द्या आणि एक पातळ हात द्या. पेल्याचा पांढरा डाग पडला असेल तर त्याच तेलात भिजवलेल्या ४०० च्या कागदाने तेवढाच भाग रेषेत घासा, कडेला दाब कमी करत जा म्हणजे सीमा दिसत नाही, मग पूर्ण पुसा. बाहेरच्या बाकाला हेच दर काही महिन्यांनी करावं लागतं. ऊन लाकडाला करडं करतं आणि ओलाव्यात जवसाच्या तेलावर बुरशी धरते, म्हणून बाहेरच्या कामासाठी बुरशीरोधक घातलेलंच तेल घ्या.

उरलेलं तेल अर्ध्या रिकाम्या डब्यात ठेवलं तर आतल्या हवेने त्यावर साय धरते. लहान बाटलीत काठोकाठ भरा किंवा बाटलीत काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणा. साय पातळ असेल तर ती काढून खालचं तेल गाळून वापरता येतं. तेल मधासारखं घट्ट झालं असेल तर ते लाकडावर वाळणार नाही, चिकटूनच बसेल.